कॅबिनेट उघडण्याआधी: अर्थिंग, रिस्ट स्ट्रॅप आणि एक मेगाओमचा रेझिस्टर

डेस्कटॉपमध्ये रॅम वाढवायची, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची किंवा नुसती धूळ काढायची, तर काम जेमतेम अर्ध्या तासाचं. पण त्या अर्ध्या तासात दोन वेगवेगळ्या विजांशी गाठ असते. एक भिंतीतली, २३० व्होल्टची. ती माणसाचा जीव घेऊ शकते. दुसरी अंगावर साठलेली, हजारो व्होल्टची स्टॅटिक. ती माणसाला बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही, पण चिप मारते.

नवशिक्याचा गोंधळ होतो तो इथेच, कारण या दोन विजांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. भिंतीतल्या विजेपासून वाचायचं तर आपल्या अंगातून जमिनीकडे जाणारी वाट असता कामा नये. म्हणून रबरी चप्पल, म्हणून कोरडी फरशी. आणि स्टॅटिकपासून चिप वाचवायची तर अंग जमिनीशी जोडलेलंच हवं. दोन्ही एकाच वेळी साधणारी गोष्ट म्हणजे रिस्ट स्ट्रॅपमधला, म्हणजे अंग अर्थ करायला मनगटाला बांधायच्या पट्ट्यातला, एक मेगाओमचा रेझिस्टर. तो नेमकं काय करतो हे समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

सुरुवात भिंतीपासून

कॅबिनेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, आत शिरतानाच फेजपासून बॉडीला एक आणि न्यूट्रलपासून बॉडीला एक, असे दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. विजेतला गोंगाट ते अर्थकडे वळवतात. अर्थची तार जोडलेलीच नसेल, तर बॉडी या दोघांच्या मधोमध लोंबकळते आणि तिच्यावर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. करंट जेमतेम एखाद्या मिलिअँपिअरच्या काही दशांशाएवढा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्या झिणझिण्या सांगतात की तुमच्या सॉकेटला अर्थ नाही, आणि हे गंभीर आहे.

स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात ही गोष्ट आणखी धोकादायक होते. बोर्डातल्या सगळ्या सॉकेटच्या अर्थ-पिना आपसांत पट्टीने जोडलेल्या असतात, पण ती पट्टी पुढे भिंतीतल्या अर्थपर्यंत पोचलेली नसते. अशा बोर्डावर मॉनिटर, प्रिंटर आणि पीसी लावले की तिघांच्या बॉडीवर येणारा हा करंट, म्हणजे गळती, एकत्र होते. त्यातल्या एकात फेजची तार बॉडीला टेकली, तर तिन्ही बॉड्या जिवंत होतात. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं कन्व्हर्टर लावून काम भागवणं हा त्यातलाच प्रकार. ते कन्व्हर्टर फेकून द्या.

अर्थ तपासायला मल्टिमीटर लागतो. टेस्टर चालत नाही. त्यातला निऑन दिवा लोंबकळत्या बॉडीवरही पेटतो आणि खऱ्या फेजवरही, त्यामुळे त्यावरून फरक कळत नाही. मीटर घेताना त्यावर ‘कॅट-३, ६०० व्होल्ट’ असा सुरक्षिततेच्या श्रेणीचा शिक्का आहे का, ते पाहा. काळी वायर कॉममध्ये आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात घाला. लाल वायर चुकून दहा अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब सॉकेटमध्ये गेले, तर तो सरळ शॉर्ट होतो, मीटर हातात फुटतो. रेंज एसी ७५० किंवा ६०० व्होल्टची ठेवा, २०० ची नको.

आपल्याकडच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट आले, तर प्रकृती ठीक दिसते. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस, पन्नास, शंभर असे आकडे नाचू लागले, तर अर्थ तुटलेला आहे. आणि तो आकडा लोड चालू असतानाही अगदी शून्यच राहिला, तर खूश होऊ नका. काही ठिकाणी अर्थची तार ओढण्याचा खर्च वाचवायला सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना एका तुकड्याने जोडलेलं असतं. अशा घरात न्यूट्रल कुठे सुटला, की प्रत्येक धातूच्या बॉडीवर फेज येतो. वायरमनला बोलावून सॉकेट उघडून दाखवायला सांगा. सॉकेटला शटर असेल आणि प्रोब आत जात नसेल, तर जबरदस्ती करू नका. तेही वायरमनचंच काम.

घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागताच लाईन तोडणारा स्विच) नसेल, तर रॅमच्या आधी ती बसवून घ्या. असेल, तर महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का, ते पाहा.

अंगावरची वीज

माणसाला स्टॅटिकचा चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. नाजूक चिप शंभर व्होल्टच्या आतही जाऊ शकते. यामधल्या सगळ्या पट्ट्यात नुकसान होतं आणि हाताला काहीच कळत नाही. ‘मला तर कधी चटका बसला नाही, म्हणजे स्टॅटिक नाही’ हा हिशेब त्यामुळे चुकतो.

इलेक्ट्रॉनिक्स उद्योग माणसाचं शरीर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १,५०० ओमचा रेझिस्टर असं धरून चाचण्या घेतो. ३,००० व्होल्टला यात अर्धा मिलिज्यूलही ऊर्जा नसते, पण ती काही शे नॅनोसेकंदांत बाहेर पडते आणि त्या क्षणी दोन अँपिअरपर्यंत करंट जातो. चिपमधल्या ट्रान्झिस्टरचा इन्सुलेशनचा थर काही नॅनोमीटरचा असतो. तो फुटतो किंवा अर्धवट भाजतो. अर्धवट भाजलेली चिप जास्त त्रास देते. रॅम चालते, महिनाभर चालते, मग मधूनच स्क्रीन निळी होऊ लागते. तोपर्यंत कारण शोधणं अशक्य झालेलं असतं.

हवेतला ओलावा इथे फार मोठा फरक पाडतो. या विषयातल्या जुन्या, सर्वत्र दिल्या जाणाऱ्या तक्त्यात गालिच्यावर चालण्याने कोरड्या हवेत ३५,००० व्होल्टपर्यंत, तर दमट हवेत १,५०० व्होल्ट साठतात असं दाखवलं आहे. म्हणजे कोकणात पावसाळ्यात हा धोका खूप कमी. विदर्भात उन्हाळ्यात, पुण्या-नाशकात थंडीत आणि कुठेही दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत तो जास्त. परदेशात हीटर लावलेल्या घरांत हिवाळाभर तो सर्वात जास्त. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो त्या दिवशी कॅबिनेट न उघडलेलंच बरं, आणि उघडावंच लागलं तर सुती कपडे घालून. पण दमट हवेतले ते १,५०० व्होल्टही चिपला पुरेसे आहेत, त्यामुळे पावसाळ्यातही स्ट्रॅप लावायचाच. शिवाय पावसाळ्यात स्टॅटिक घटतं, पण ओली फरशी आणि ओले हात यांमुळे भिंतीतल्या विजेचा धोका वाढतो.

स्ट्रॅप, मॅट, पिशव्या

रिस्ट स्ट्रॅप मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन सहज मिळतो. मनगटाचा पट्टा, त्याच्या आत कातडीला टेकणारी धातूची चकती, गुंडाळीची वायर आणि शेवटी क्लिप. वायरच्या पट्ट्याकडच्या टोकात एक मेगाओमचा रेझिस्टर असतो. त्याचं गणित असं: अंगावरचा चार्ज या रेझिस्टरमधून जमिनीत उतरायला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो, म्हणजे स्टॅटिकसाठी वाट मोकळी आहे. आणि दुसऱ्या हाताचा चुकून फेजला स्पर्श झाला, तर स्ट्रॅपच्या वाटेने जाऊ शकणारा करंट २३० व्होल्ट भागिले दहा लाख ओम, म्हणजे ०.२३ मिलिअँपिअर. एवढ्याने फार तर झिणझिण्या येतात. आता कोणी तांब्याची उघडी तार मनगटाला गुंडाळून सॉकेटच्या अर्थमध्ये खोचली, तर मध्ये उरतो फक्त शरीराचा हजार-दोन हजार ओमचा अडथळा आणि त्याच चुकीला शंभर मिलिअँपिअरहून जास्त करंट छातीतून जातो. घरी बनवलेला स्ट्रॅप वापरू नका. बिनवायरचे स्ट्रॅपही मिळतात. चार्जला जायला वाटच नसल्यामुळे ते काही करत नाहीत.

प्रत्येक वेळी वापरण्याआधी स्ट्रॅप मीटरवर तपासा. नेहमीच्या स्वस्त मीटरवर २०००के ही रेंज लावा, एक प्रोब चकतीला, एक क्लिपला. आकडा १००० च्या जवळपास हवा. डावीकडे नुसता ‘१’ दिसला तर वायर आतून तुटली आहे. ती बहुधा पट्ट्याला जोडणाऱ्या बटणाजवळच तुटते. शून्याच्या जवळ आला तर रेझिस्टर नाहीच, तो स्ट्रॅप टाकून द्या. पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधू नका आणि सैलही ठेवू नका. कातडी फार कोरडी असेल तर मनगट जरा ओलसर करून पुसून घ्या.

टेबलावर अंथरायची अँटिस्टॅटिक मॅट रोज काम करणाऱ्याने घ्यावी. वर्षातून एकदा रॅम बदलणाऱ्याला तिची गरज नाही. रिकामं लाकडी टेबल चालतं. सनमायकाच्या टेबलावर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ते काढा.

रॅम, बोर्ड वगैरे भाग ज्यात येतात त्या पिशव्यांबद्दल मात्र नीट समजून घ्यायला हवं. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज तयार करत नाही, एवढंच. बाहेरून आलेली ठिणगी ती अडवत नाही. चंदेरी, किंचित आरपार दिसणारी पिशवी धातूच्या थरामुळे आतल्या वस्तूला बाहेरच्या चार्जपासून वाचवते, पण फक्त आतल्या. मदरबोर्ड त्या पिशवीवर ठेवून काम करण्याची पद्धत दिसते, तिचा काही उपयोग नाही. काळी पिशवी किंवा काळा फोम वीज वाहून नेतो. बॅटरीचा सेल लावलेला बोर्ड त्यावर ठेवला, तर सेल उतरू शकतो.

थर्माकोल, बबल रॅप, सेलोटेप आणि किराण्याच्या प्लॅस्टिक पिशव्या कामाच्या जागेपासून निदान ३० सेंटिमीटर लांब. या वस्तू इन्सुलेटर असल्यामुळे त्यांना अर्थ करताच येत नाही. त्यांच्यावरचा चार्ज तिथेच बसून राहतो, स्ट्रॅप कितीही चांगला असला तरी.

आता काम

१. कॉम्प्युटर शट डाउन करा, स्लीप नव्हे. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून शट डाउन केलं तर तो पूर्ण बंद होतो.

२. सॉकेटचं बटण बंद करून प्लग बाहेर काढा. नुसतं बटण पुरत नाही. ते एकच तार तोडतं, आणि वायरिंग उलटं असेल तर ती न्यूट्रलची निघते, फेज आत तसाच राहतो. यूपीएस असेल तर पीसीची वायर यूपीएसमधून काढा. यूपीएसचा भिंतीतला प्लग काढला तरी त्याची मागची सॉकेट बॅटरीवर जिवंत असतात. ‘लाईट गेलीय, तेवढ्यात उघडून घेऊ’ हा विचार तर करूच नका. लाईट कधीही येते आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्या सॉकेटची लाईट गेलेलीच नसते.

३. मॉनिटर, प्रिंटर, लॅन आणि स्पीकर, सगळ्या वायरी काढा. त्यांच्यातूनही दुसऱ्या यंत्राची गळती आत येते.

४. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मदरबोर्डावर दिवा असेल तर तो विझायला हवा. स्टँडबायच्या पाच व्होल्टच्या लाइनवर उरलेला चार्ज यात संपतो. दिवा जळता असताना रॅम ओढली तर स्लॉट जाऊ शकतो.

५. अंगठी, कडं, घड्याळ आणि लांब साखळी किंवा मंगळसूत्र काढून ठेवा.

६. कॅबिनेट आडवं ठेवा, झाकण काढा. स्ट्रॅप मनगटाला आणि क्लिप कॅबिनेटच्या बिनरंगाच्या धातूला. रंगावर लावलेली क्लिप लटकती राहते. मागच्या स्क्रूजवळची उघडी पट्टी चांगली. प्लग काढलेला असल्यामुळे कॅबिनेट आता जमिनीशी जोडलेलं नाही, हे खरं. पण चिपला हानी होते ती दोन वस्तूंच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे. तुम्ही, कॅबिनेट आणि बोर्ड एकाच पातळीवर आलात की ठिणगीला कारण उरत नाही.

७. नवी रॅम पिशवीतच असताना ती पिशवी आधी कॅबिनेटच्या धातूला टेकवा, मग उघडा. ही पायरी सर्वात जास्त वगळली जाते.

८. रॅम कडांनी धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन खिट्ट्या आपोआप लागेपर्यंत बसवा. एम-डॉट-टू एसएसडी तिरकी, साधारण ३० अंशांत आत सरकते. मग ती दाबून स्क्रू लावायचा. स्क्रू घट्ट आवळू नका.

९. जवळ दुसरं कोणी असेल आणि त्यांच्याकडून भाग घ्यायचा असेल, तर आधी हाताला हात लावा, मग भाग घ्या.

धूळ काढताना घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका. प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ घासत जाते आणि नळीच्या तोंडावर भरपूर चार्ज साठतो. मऊ केसांचा ब्रश आणि लांबून ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. भरधाव फिरलेल्या पंख्याचं बेअरिंग खराब होतं, आणि तो उलट वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकतो.

एसएमपीएसचा डबा बंदच ठेवा

कॅबिनेटमधल्या बाकी सगळ्या भागांवर बारा व्होल्ट किंवा त्याहून कमी असतात. एसएमपीएसच्या डब्यात मात्र मोठ्या कपॅसिटरवर साध्या रचनेत सुमारे ३२५ आणि पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्यात ३८० ते ४०० व्होल्ट डीसी साठतात. ४७० मायक्रोफॅरडवर ३२५ व्होल्ट म्हणजे जवळपास २५ ज्यूल, तेही प्लग काढल्यावर. चांगल्या एसएमपीएसमध्ये हा चार्ज हळूहळू संपतो. धोका जळलेल्या एसएमपीएसमध्ये जास्त असतो, कारण आतलं स्विचिंग बंद पडलेलं असतं, चार्ज ओढून घेणारं कोणी नसतं आणि पॉवरचं बटण दाबूनही काही उतरत नाही. दुरुस्त करणारी जाणकार मंडळी २.२ किलोओम, १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींनी लावून तो दहा सेकंद उतरवतात, मीटरने मोजतात आणि एक मिनिटाने पुन्हा मोजतात, कारण काही व्होल्ट परत येतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची पद्धत वाईट. वितळलेला धातू डोळ्यांत उडतो. नवशिक्याने पूर्ण एसएमपीएस बदलावा.

जिवंत यंत्रावर किंवा उघड्या एसएमपीएसवर काम करताना रिस्ट स्ट्रॅप कधीही घालू नये. रेझिस्टर आहे म्हणून हा नियम सैल होत नाही: वायर जुनी असते, क्लिप लोंबते, आणि धातूचा तुकडा नको तिथे टेकतो. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि जुना ट्यूबचा टीव्ही तर उघडूच नयेत.

लॅपटॉपमध्ये चार्जर काढला तरी बॅटरी आत असते. खालचं झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, तोही प्लॅस्टिकच्या पट्टीने. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नका, टोचू नका. सर्व्हिस सेंटरला द्या. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी शॉक देत नाही, पण पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी बोटातच लाल होते.

कोणाला शॉक बसलाच

त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला वायरपासून ढकला. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्या आणि मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून ‘काही झालं नाही’ म्हणाला तरी ईसीजी काढून घ्या. आग लागली तर पाणी नको. कार्बन डायऑक्साइडचा किंवा एबीसी पावडरचा सिलिंडर. म्हणून असं काम घरात एकटं असताना करू नये, आणि दुसऱ्या माणसाला मेन स्विच कुठे आहे हे आधी दाखवून ठेवावं.

परत चालू करताना

आत स्क्रू सुटा राहिला नाही ना, ते कॅबिनेट हलकेच हलवून ऐका. झाकण लावा, क्लिप काढा, आणि सर्वात शेवटी प्लग. जुनी रॅम विकायची किंवा वॉरंटीत पाठवायची असेल तर आधी चंदेरी पिशवी, तिच्याबाहेर बबल रॅप, मग खोका. उलटा क्रम केला तर नेमका बबल रॅपच रॅमला घासत राहतो.

चालू केल्यावर बीप येऊन स्क्रीन काळीच राहिली, तर बहुतेक वेळा रॅम एका टोकाला वर राहिलेली असते. ती नीट दाबायला पुन्हा झाकण काढायचं, पण प्लग काढणं आणि दहा सेकंद बटण दाबणं या पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून करून मगच.